चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये

एकोडीच्या उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या, मिलमध्ये ऑपरेटर वाफेनं भाजला, त्यानंतर तिथलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत जो तो एकच म्हणायचा : लोक वाचत नाहीत.

रंजिता निमजेही तेच म्हणत होती. ती मूळची मोहाडीची, विणकरांच्या घरातली. वडील चंद्रभान अजून मागावर बसत. ती स्वतः नागपूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायची. कंपनीचं सॉफ्टवेअर राईस मिलसाठी होतं. धान भिजवायच्या टाक्या, वाफेचा कुकर, वाळवणी, सगळं एका पडद्यावरून चालवायचं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन वीस वर्षं होत आली होती, तरी मिलवाल्यांची सोयरीक आणि धंदा दोन्हीकडे एकच होता. एकानं घेतलं की दुसरा मागे लागे. असं करत ते सॉफ्टवेअर बऱ्याच मिलमध्ये पोचलं होतं आणि त्याबरोबर रंजितानं मराठीत लिहिलेली पुस्तिकाही. थोड्या प्रती छापल्या होत्या, त्या मालकांच्या टेबलावर गेल्या. ऑपरेटर लोकांना पीडीएफ फोनवर पाठवली होती.

एकोडीला झालं ते असं. कुकरची वाफ बंद केली की पडद्यावर दाब शून्य दिसतो. पण दाब मोजायच्या नळीत कधी कोंडा अडकतो, आणि आत वाफ कोंडलेली असतानाही पडदा शून्यच दाखवतो. म्हणून आधी हातानं व्हॉल्व्ह फिरवून उरलेली वाफ सोडायची आणि मगच झाकण खोलायचं. भूपेंद्र नावाच्या ऑपरेटरनं शून्य बघितलं आणि झाकण खोललं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, एक गालही भाजला. डोळे तेवढे वाचले.

कंपनीचे मालक चंदन सर आणि रंजिता त्याला दवाखान्यात भेटायला गेले होते. मिलचे मालक वासुदेवरावही होते. रंजितानं लॅपटॉप उघडून त्याच्यासमोर धरला होता. पानावर लाल जाड चौकट आणि चौकटीत ठळक अक्षरात : पडद्यावर शून्य दिसले तरी हाताने व्हॉल्व्ह उघडून उरलेली वाफ सोडल्याशिवाय झाकण उघडू नका.

भूपेंद्रनं बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. "हे नव्हतं जी माह्या पुस्तकात."

"भाऊ, सगळ्यांना एकच पुस्तक पाठवलं आहे," रंजिता म्हणाली होती. ती समजुतीनंच बोलली होती, तिच्या आवाजात राग नव्हता.

"वाचलं नाही म्हन ना सरळ!" वासुदेवराव म्हणाले. "एवढं लाल लाल लिहून हाये. आंधळ्याले बी दिसन."

भूपेंद्रला कामावरून काढलं गेलं.

त्यानंतरच चंदन सरांनी रंजिताला नवं काम दिलं होतं. "लोक वाचत नाहीत, तर कशात वाचतील ते शोध. छापील पुस्तक, पीडीएफ, वेबसाईटवरचं मदतीचं पान, व्हिडिओ. चारही घेऊन मिलमिलमध्ये जा. मशीन थंड असताना त्यांना काम दे आणि नुसती बघत बस. कशात सापडतं, कशात सापडत नाही, कुठे अडकतात, सगळं लिहून आण. एक काहीतरी ठरवू आणि बाकीचं बंद करू."

रंजिताला हे काम आवडलं. लिहिलेलं कुणी वाचताना आपण समोर बसायचं, हे तिनं आजवर कधी केलंच नव्हतं.

बपेऱ्याच्या मिलमध्ये कौशल्याबाई पडदा सांभाळायच्या. तिथे वेबसाईट उघडेचना. फोन सारखा नदीपलीकडचा, मध्य प्रदेशातला टॉवर पकडायचा आणि पान अर्ध्यावर पांढरं पडायचं. "हे तुमचं पान आमच्या गावाले येतच नाही बाई, बालाघाटले जाते," असं म्हणून कौशल्याबाई हसत सुटल्या. व्हिडिओ त्यांनी मन लावून बघितला, पण नेमका अलार्म बंद करायचा भाग परत शोधताना तो मागे-पुढे सरकवून सरकवून कंटाळल्या. मग रंजितानं आणलेलं छापील पुस्तक घेतलं, मागची सूची बोटानं खाली ओढत नेली आणि पान काढलं. रंजितानं लिहून घेतलं. तिच्या मनात छापील पुस्तकाचं पारडं जड व्हायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोहाडीचा बाजार होता. हमाल बाजाराला गेले होते, बॉयलर थंड होता, म्हणून मोहाडीच्या मिलमालकानं तोच दिवस दिला होता. तिथला ऑपरेटर श्रावण. वयानं रंजिताएवढाच, बोलका.

"माह्याकडे पुस्तक फोनमंधीच हाये ताई," तो म्हणाला. "छापलेलं मालकाजवळ ऱ्हायते. ते कोनाले हात लावू देत नाही."

"चालेल. मग फोनमधूनच वाचा. कुकर बंद करून झाकण खोलायचं आहे असं समजा. एकेक पायरी मोठ्यानं वाचा आणि तसं करून दाखवा. मी काही सांगणार नाही."

ती कुकरशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. मांडीवर लॅपटॉप, त्यात तीच पीडीएफ, तेच पान. श्रावण एका हातात फोन धरून वाचायला लागला. चांगलं वाचत होता, शाळेत धडा वाचावा तसं.

"पायरी तीन. मुख्य वाफ बंद करा." त्यानं पडद्यावरचं बटण दाबल्यासारखं केलं. "पायरी चार. पडद्यावर दाब शून्य होईपर्यंत थांबा. थांबलो. पायरी पाच. झाकणाचे खटके सोडून झाकण उघडा." आणि तो खटक्यांकडे वळला.

"थांबा," रंजिता म्हणाली. काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तिच्या तोंडून निघून गेलं. "चौथीनंतर काय आहे?"

"पाचवी."

"मधलं राहिलं तुमचं. मधलं वाचा."

श्रावणनं फोनकडे पाहिलं. "मधात काही नाही ताई."

रंजिताला वाटलं, हेच ते. लोक बघूनही बघत नाहीत. एवढी लाल चौकट समोर असून हा माणूस मधे काही नाही म्हणतो आहे. तिला वहीत हे लिहून घ्यायची घाईसुद्धा झाली. "पुन्हा एकदा नीट बघा, श्रावणभाऊ."

"अजी, तुम्हीच पाहा ना," असं म्हणत त्यानं फोन तिच्या हातात दिला.

पडद्यावर मोठी मोठी काळी अक्षरं होती, एका उभ्या पट्टीत. पायरी चार. पडद्यावर दाब शून्य होईपर्यंत थांबा. त्याच्या खाली जरा मोकळी जागा. त्याच्या खाली पायरी पाच. झाकणाचे खटके सोडून झाकण उघडा.

मधे काहीच नव्हतं.

तिनं वर सरकवलं, खाली सरकवलं. वाटलं, चुकीची फाईल असेल. पहिल्या पानावर गेली. तेच नाव, तीच तारीख, तिनंच पाठवलेली फाईल. परत त्या जागी आली. लॅपटॉपवर लाल चौकट होती. फोनमध्ये नव्हती. तिनं दोन्ही शेजारी शेजारी धरले. मिलच्या पत्र्यावर कबुतरं घुमत होती, ती एकाएकी फार लांब गेल्यासारखी वाटली.

"ही अक्षरं एवढी मोठी कशी?" तिनं विचारलं.

"हे? पहिले लय बारीक दिसे. फोन आडवा करा, चिमटीनं ताना, मंग एक ओळ वाचता ये. हातात कोंडा, डोयात धूर. तुमसरच्या दुकानदारानं हे बटन दाबून देल्लं." त्यानं कोपऱ्यातलं एक चिन्ह दाखवलं. "हे दाबलं का अक्षरं मोठी होते अन् खाली खाली येत जाते. लय बेस हाये हे, मी बी दोघा-चौघायले दाखवलं."

रंजितानं ते चिन्ह दाबलं. पान मूळ रूपात आलं, बारीक, मुंगीच्या अक्षरांचं, आणि त्यात तांबड्या ठिपक्यासारखी ती चौकट. परत दाबलं. अक्षरं मोठी झाली, चौकट गेली.

तिला सगळं एका क्षणात कळलं. छापखान्यात मराठी जोडाक्षरं तुटायची. "व्हॉल्व्ह"चे तर चार तुकडे व्हायचे. निदान सगळ्यात महत्त्वाची सूचना तरी नीट दिसावी म्हणून तिनं ती सुबक अक्षरात काढून, भोवती लाल चौकट आखून, चित्र करून पानावर चिकटवली होती. पुस्तिकेत अशी सूचना एकच होती. आणि फोनमधला हा रीडर अक्षरं मोठी करताना फक्त अक्षरं घेत होता. चित्रं टाकून देत होता. जे कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून तिनं सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, नेमकं तेवढंच गळत होतं.

"श्रावणभाऊ, तुम्ही रोज झाकण कसं खोलता?"

"असंच. शून्य झालं का खोलतो. काहून?"

ती श्रावणच्या हातांकडे बघत राहिली. सरळ, धडधाकट हात, नखांत कोंडा.

"ते एकोडीचे भूपेंद्र…" ती कशीबशी म्हणाली.

"वळखतो ना. आम्ही दोघं कंपनीच्या ट्रेनिंगले संगंच होतो, पडद्यावरची बटनंच शिकवली तिथं. फोन बी संगंच घेतले आम्ही, तुमसरच्या त्याच दुकानातून." श्रावणनं रंजिताच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. त्यानं ती लाल चौकट पहिल्यांदा वाचली, ओठ हलवत. वाचून झाल्यावर तो कुकरपासून दोन पावलं मागे सरला. कुकर थंड होता, तरी सरला.

"बाप्पा," तो म्हणाला. "बाप्पा रे."

रंजितानं तिथूनच चंदन सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"तुला खात्री आहे?" ते म्हणाले.

"माझ्या हातात आहे सर फोन."

"ठीक आहे. आधी कुणाला काही बोलू नको. उद्या ऑफिसला ये. नीट विचार करून, वकिलांना विचारून काय ते—"

"सर, आत्ता सीझन सुरू आहे. आत्ता कुठेतरी कुणीतरी झाकण खोलत असेल."

"रंजिता, ऐक माझं."

तिनं "हो सर" म्हटलं आणि फोन ठेवला. मग मिलमधल्या ऑपरेटर लोकांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप होता, ज्यावर तिनं स्वतः ती पीडीएफ टाकली होती, तो उघडला. चित्र नाही, चौकट नाही, साधी अक्षरं टाईप केली. स्क्रीनवर शून्य दिसलं तरी आत वाफ असू शकते. आधी हातानं व्हॉल्व्ह खोला, वाफ पूर्ण जाऊ द्या, मगच झाकण खोला. हे आपल्या फोनमधल्या पुस्तकात चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये दिसतं का ते बघा आणि कळवा.

पाठवलं. तिला वाटलं होतं, एखाद-दुसरा निघेल.

पहिलं उत्तर तिरोड्याकडून आलं. "नाही." मग लाखनीहून. "माह्यात नाही." मग एकामागून एक यायला लागली. "नाही दिसत." "इथं बी नाही." "पाचवीच हाये सरळ." कुणीतरी पडद्याचा फोटो पाठवला, तीच मोकळी जागा. कौशल्याबाईंचा आवाज रेकॉर्ड होऊन आला, काल हसणाऱ्या त्याच कौशल्याबाई : "अवो बाई, माह्या फोनात बी नाही वो हे. मी तं कालच झाकन खोलली." त्या पुढे काही बोलत होत्या, पण रंजितानं फोन उपडा ठेवला. श्रावणनं पाणी आणून दिलं.

मोहाडीतल्या घरी गेल्यावर वडिलांनी तिचा चेहरा पाहिला आणि माग थांबवला. "कोन गेलं?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, नात्यात कुणीतरी वारलं.

सकाळी पहिली गाडी पकडून ती भंडाऱ्याला आणि तिथून साकोलीमार्गे एकोडीला गेली. चंदन सरांचे फोन येत होते, ती उचलत नव्हती. तिनं वाटेत ठरवलं होतं की भूपेंद्रसमोर जाऊन काय बोलायचं. तुम्ही खरं बोलत होतात, आम्ही ऐकलं नाही. एवढंच. तो रागावेल, शिव्या देईल, ते ऐकून घ्यायचं. त्याला निदान बरं वाटेल, आपण खरे ठरलो म्हणून.

तलावाच्या पाळीखाली, बांधाला लागून, उन्हाळी धानाची रोवणी चालली होती, बाया चिखलात रोपं लावत होत्या. भूपेंद्रची बायको गीताबाई रोवणीला निघायच्या तयारीत दारात उभी होती. रंजिताला तिनं ओळखलं. चेहरा घट्ट झाला.

"आता काय दाखवाले आल्या?"

"वहिनी, मला भाऊंशी बोलायचं आहे. तुम्हीही थांबा."

भूपेंद्र आत खाटेवर बसला होता. हातांची कातडी गुलाबी, ताणलेली. बोटं पुरती मिटत नव्हती. रंजिता खाली सतरंजीवर बसली आणि तिनं सांगितलं. जोडाक्षरं, चित्र, अक्षरं मोठी करायचं बटण, मोहाडी, श्रावण, ग्रुपवरची उत्तरं. सांगून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात म्हणाला होता ते खरं होतं, भाऊ. तुमच्या पुस्तकात ते नव्हतंच."

भूपेंद्रनं तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नाही जी. होतं."

रंजिताला वाटलं, त्याला कळलं नाही. "नव्हतं भाऊ. तुमच्या फोनमध्ये ते दिसतच नाही."

"होतं. लाल चौकोन होता. मले आठवते ना. मी वाचलो होतो." तो अगदी शांतपणे बोलत होता, खूपदा मनाशी घोकलेलं बोलावं तसं. "त्या दिवशी दवाखान्यात मी नाही म्हनलो. ते तेव्हा भुललो असन. घरी आल्यावर मंग आठवलं. पोती उतरून राहिले होते, मालक हाका मारून राहिले होते. मी चौकोन पाह्यलो अन् म्हनलो, ऱ्हाऊ दे, शून्य तं हाये. माहीच घाई. मले झोपीत बी दिसते तो चौकोन. मालकाले जाऊन सांगूनही आलो मी, का माहीच चूक हाये म्हनून."

रंजिता भाजलेल्या हातांची तयारी करून आली होती, रागाची करून आली होती. हे तिच्या कल्पनेत कुठेच नव्हतं.

"भाऊ, तुमचा फोन कुठे आहे? तोच, तेव्हाचा."

गीताबाईनं काही न बोलता कणगीवरचा फोन काढून दिला. काच एका बाजूनं तडकली होती, पण चालू होता. रंजितानं त्याला हात लावला नाही. "तुम्हीच काढा पुस्तक," ती म्हणाली.

भूपेंद्रला न मिटणाऱ्या बोटांनी फोन धरता येत नव्हता. तो मांडीवर ठेवून त्यानं करंगळीच्या बाजूनं सरकवत पुस्तक उघडलं. मोठी काळी अक्षरं आली. तो खाली खाली गेला. पायरी तीन. पायरी चार. पायरी पाच.

तो परत वर गेला. परत खाली आला. परत वर. असं तो इतक्या वेळा करत राहिला की गीताबाईनं शेवटी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"नाही," तो म्हणाला. चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं होतं, फक्त भाजलेला गाल तेवढा गुलाबी राहिला. "नाही इथं. मंग मी… मी कोनता चौकोन पाहून राहिलो होतो एवढे दिवस?"

"मी दवाखान्यात दाखवला तो," रंजिता म्हणाली. "माझ्या लॅपटॉपवरचा. तुम्ही तो तिथे पहिल्यांदा बघितला."

"पन मले तं कुकरजवळचा आठवते. उभा हाये मी, फोन हातात हाये, अन् चौकोन—" स्वतःच्याच डोक्यात कुणी परका शिरून बसलाय असं कळल्यासारखा तो इकडेतिकडे बघायला लागला. त्याला हायसं वाटलं नव्हतं. तो घाबरला होता.

गीताबाई त्याच्याजवळ खाटेवर टेकली.

"मी यायले रोज बोलली," ती म्हणाली. रंजिताशी नाही, कुणाशीच नाही. "उठता बसता बोलली. चार अक्षरं वाचाले काय झालं होतं म्हनून बोलली. हात धुवून देताना बोलली, घास भरवताना बोलली. रोवणीत बाया इचारत तं त्यायले बी सांगतली, का वाचलं नाही आमच्या मानसानं." तिनं दोन्ही तळहात तोंडावर दाबले. बऱ्याच वेळानं हात काढले तेव्हा ती रंजिताकडे वळली. "उठा. चला मालकाकडे. आत्ताच्या आत्ता."

वासुदेवराव मिलच्या ऑफिसात होते. टेबलावर छापील पुस्तक काचेखाली ठेवल्यासारखं स्वच्छ पडलेलं. तिघांना एकत्र येताना बघून ते उठून उभे राहिले. रंजितानं पुस्तक उघडून लाल चौकट दाखवली आणि शेजारी भूपेंद्रचा फोन ठेवला.

वासुदेवरावांनी चष्मा लावला. फोन वाचला, पुस्तक वाचलं, परत फोन वाचला. "असं कसं? तूच तं म्हनली होती, सगळ्यायले एकच पुस्तक हाये."

"हो. मीच म्हणाले होते. आणि ते एक नव्हतं."

वासुदेवरावांच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास होता, तो हळूहळू दुसऱ्याच कशात तरी बदलत गेला. ते ऑफिसच्या दारातून कुकरच्या शेडकडे बघत होते. तिथून वाफेचा हिस्स आवाज येत होता. भूपेंद्रच्या जागी आलेला नवा ऑपरेटर घनश्याम तिथे होता.

"घनश्याम!" ते एवढ्या जोरात ओरडले की कोंड्याची पोती शिवणारा माणूस दचकला. "इकडे ये! जसा हायेस तसा ये!"

घनश्याम धावत आला.

"झाकन कसं खोलतं तू?"

"शून्य झालं का खोलतो मालक."

"व्हॉल्व्ह?"

"कोनता व्हॉल्व्ह?"

वासुदेवरावांनी चष्मा काढून ठेवला. एक माणूस भाजला होता, त्याला त्यांनी घालवलं होतं, आणि त्याच जागी, त्याच झाकणासमोर दुसऱ्याला उभं करून ते इतके दिवस निवांत चहा पीत बसले होते. मग भूपेंद्रच उठला. भाजल्यापासून तो शेडमध्ये गेला नव्हता. तो घनश्यामला म्हणाला, "चाल, दाखवतो," आणि पुढे निघाला. कुकरपासून बऱ्याच अंतरावर तो थांबला, त्याच्यानं जवळ जाववेना. तिथूनच त्यानं आखडलेलं बोट करून व्हॉल्व्ह दाखवला. घनश्यामनं मुख्य वाफ बंद केली आणि मग तो फिरवला. पडद्यावर शून्य होतं. आणि व्हॉल्व्हमधून पांढरी वाफ केवढा तरी वेळ बाहेर येत राहिली. सगळे उभे राहून ती बघत होते.

चंदन सर दुसऱ्या दिवशी एकोडीला आले. रंजिता त्यांच्या गाडीत नव्हती. आपली नोकरी आहे की नाही हेही तिला माहीत नव्हतं. ती साकोलीहून बसनं आली. सरांना रात्रभर झोप नसावी. ग्रुपवरची सगळी उत्तरं त्यांनी वाचली होती. मिलच्या आवारात, हमालांसमोर, भूपेंद्रसमोर ते उभे राहिले आणि म्हणाले की चूक कंपनीची आहे, भूपेंद्रची नाही. भूपेंद्रच्या उपचाराचं आणि रोजीचं पुढे कंपनी बघेल. परत जाताना त्यांनी गाडीची काच खाली करून रंजिताला विचारलं, "मग चारपैकी कोणतं ठेवायचं?"

"चारही ठेवू," ती म्हणाली. "पण प्रत्येक गोष्ट आधी त्या माणसाच्या हातातल्या फोनवर बघू. माझ्या लॅपटॉपवर नाही."

पुस्तिका नव्यानं लिहिली गेली. ती सूचना आता पाचवी पायरीच झाली, साध्या अक्षरात. झाकण सहाव्या पायरीवर गेलं. प्रत्येक कुकरच्या झाकणावर पत्र्याची पाटी ठोकली. सॉफ्टवेअरमध्येही बदल केला. रंजिता नोकरीत राहिली. फाईल पाठवण्याआधी ती आता तीन-चार जणांना फोन करून वाचून घ्यायची, आणि कुणी "मधात काही नाही ताई" म्हणालं की ती फाईल परत उघडून बसायची.

वासुदेवरावांनी भूपेंद्रला पडद्यावर परत घेतलं. झाकणाला हात लावायचं काम घनश्यामकडेच राहिलं. ज्या दिवशी भूपेंद्र कामावर गेला, त्या दिवशी गीताबाई रोवणीला गेली नाही. ती त्याच्याबरोबर मिलच्या फाटकापर्यंत चालत गेली. वाटेत आटाचक्कीवर थांबली, बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बायांपाशी थांबली, पाळीवर म्हशी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांपाशी थांबली. भूपेंद्र संकोचून पुढे पुढे जात होता आणि ती प्रत्येक ठिकाणी कमरेवर हात ठेवून, कुणी विचारलेलं नसताना, मोठ्यानं सांगत होती :

"यायनं वाचलं होतं. पूर्ण वाचलं होतं. पुस्तकातच नव्हतं."